लुईझियाना रेड

लुईझियाना रेड (२३ मार्च १९३२ – २५ फेब्रुवारी २०१२) : ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातला गिटारिस्ट आणि गायक, माउथऑर्गनही वाजवायचा. खरं नाव आयव्हर्सन मिंटर. नावात लुईझियाना असलं तरी जन्म तिथला नाही, आणि शेवटची तीसेक वर्षं तर जर्मनीतल्या हानोफरमध्ये गेली.

जन्माचाच घोळ आहे. बरेच जण अलाबामातलं बेसेमर देतात, काही जुन्या नोंदींत मिसिसिपीतलं व्हिक्सबर्ग आणि साल १९३६ असं सापडतं. आता १९३६ धरलं तर १९५१ मध्ये सैनिक म्हणून कोरियाच्या युद्धावर गेलेला रेड पंधरा वर्षांचा ठरतो, त्यामुळे १९३२ च जास्त पटतं, आणि गावाबाबतही हल्ली कल बेसेमरकडेच आहे. आई जन्मानंतर लवकरच न्यूमोनियानं गेली, वडलांना १९३७ मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेनं ठार मारलं, मग पोरगं या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे असं वाढलं.

पहिल्या रेकॉर्डिंगचंही तसंच. १९४९ मध्ये चेस या रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवलं असं सर्रास लिहिलं जातं, पण 'रॉकी फुलर' या नावानं त्याची जी रेकॉर्ड आली ती चेसच्याच चेकर लेबलवर, आणि चेकर सुरू झालं १९५२ ला. म्हणजे एक तर रेकॉर्डिंग आधीचं नि रेकॉर्ड उशिरा निघाली, किंवा १९४९ हे साल आठवणीतून आलेलं; दोन्ही शक्य आहे, पण सालाला 'सुमारे' लावलेलं बरं. लष्करातल्या नोकरीबद्दलही शंका घेतात, कारण तो अमेरिकी लष्कराच्या ८२ व्या एअरबोर्न डिव्हिजनचा पॅराट्रूपर (छत्रीधारी सैनिक) आणि ही डिव्हिजन कोरियात गेलीच नव्हती. यात तसा विरोध नाही, डिव्हिजन गेली नसली तरी तिच्यातले तयार पॅराट्रूपर कोरियात लढणाऱ्या १८७ व्या रेजिमेंटकडे पाठवले जात होते.

लष्करातून सुटल्यावर डेट्रॉइटमध्ये दोनेक वर्षं ब्लूज गायक-गिटारिस्ट जॉन ली हूकरबरोबर वाजवलं. पहिला अल्बम 'लोडाउन बॅक पोर्च ब्लूज' (१९६३), आणि माझ्या मते यापेक्षा चांगलं त्यानं फार कमी केलं. त्यातलं 'रेड्स ड्रीम' क्यूबातल्या क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगावर आहे : रेडला स्वप्न पडतं, तो थेट संयुक्त राष्ट्रसंघात जातो, कॅस्ट्रोला दम देतो, आणि मग सिनेटमध्ये रे चार्ल्स, लाइटनिन हॉपकिन्स असले कृष्णवर्णीय गायक गडी बसवायच्या गोष्टी करतो. नागरी हक्कांची चळवळ पेटलेली असताना हा विनोद तेवढा साधा नव्हता. १९६४ चं 'आय अ‍ॅम टू पुअर टू डाय' गाजलं थोडंफार, पण बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या शंभरात काही शिरलं नाही.

वादन मिसिसिपी डेल्टाच्या वळणाचं, तिथल्याच ब्लूज गायक-गिटारिस्ट मडी वॉटर्सची छाप उघड. स्लाइड वाजवताना बोटात काचेची किंवा धातूची नळी असते आणि तार पट्टीवर दाबायची नसते, नुसती नळी टेकवून सरकवायची, म्हणून दोन पडद्यांमधले स्वरही मिळतात, आपल्या मींडेसारखे. ओळ अर्धी गाऊन उरलेली तारेकडून म्हणवून घेणं ही या परंपरेतली जुनी खोड आणि रेडच्या हातात ती चांगली बसलेली.

१९८१ मध्ये तो हानोफरला राहायला गेला. जर्मनीत लिपमान आणि राऊ या आयोजकांच्या जोडीनं १९६२ पासून अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल चालवून ब्लूजचा श्रोता तयार केलाच होता, त्यांच्या एल अँड आर लेबलवर रेडचंही काम आहे. १९८३ ला ब्लूजसाठीचा डब्ल्यू. सी. हँडी पुरस्कार मिळाला. १९९४ मध्ये बुझुकी (ग्रीक तंतुवाद्य) वाजवणाऱ्या स्टेलिओस वाम्वाकारिसबरोबर 'ब्लूज मीट्स रेम्बेटिका' हा अल्बम केला. हा स्टेलिओस म्हणजे रेबेटिको (किंवा रेम्बेटिका) या ग्रीक शहरी लोकसंगीताचा आद्य कलावंत मार्कोस वाम्वाकारिसचा मुलगा. २०१० च्या ब्लूज म्युझिक अवॉर्ड्समध्ये रेडला अकूस्टिक (विजेच्या वाद्यांविना वाजवणाऱ्या) कलाकाराचा किताब मिळाला आणि पियानिस्ट डेव्हिड मॅक्सवेलबरोबरचा 'यू गॉट टू मूव्ह' त्या वर्षीचा अकूस्टिक अल्बम ठरला. दोन वर्षांनी हानोफरमध्येच स्ट्रोक येऊन वारला.