कमरेपर्यंत उचललेली जमीन

लहानपणी आमच्याकडे दारं-खिडक्यांच्या कामाला एक सुतारकाका यायचे, त्यांच्याकडे टेबल-बिबल काही नसायचं. ओटीवर पोतं टाकायचे, त्यावर बसायचे, फळीचं एक टोक भिंतीला टेकवायचे, दुसरं पायाच्या बोटांत आणि टाचेखाली धरायचे आणि रंधा सुरू. भुस्सा नाही, लांबच्या लांब साल निघायची, आम्ही पोरं ती गोळा करायचो. आपल्याकडचे बरेच जुने कारागीर असेच बसून काम करत आलेत आणि त्यात मोठं शहाणपण आहे, कारण त्यांनी फळी थेट जमिनीला जोडलेली असते. जमीन सरकत नाही, थरथरत नाही, हादरा मारला तर परत उसळत नाही. त्यामुळे हातातला सगळा जोर पात्यापर्यंत जातो.

आता माझ्यासारख्या माणसाला, ज्याचे गुडघे तासभर मांडी घालू देत नाहीत, उभं राहून काम करायचंय. म्हणजे जमीन कमरेपर्यंत वर आणायची. जड लाकडाचा वर्कबेंच म्हणजे माझ्या मते तेवढंच काम आहे. हे एकदा डोक्यात बसलं की बेंच किती जाड, किती जड, कशाचा, कसा जोडायचा, या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघत जातात.

आधी वजनाचं बघू. कडक लाकडावर रंधा ढकलताना सहज १५-२० किलोचा आडवा जोर लागतो. टाइल्सच्या फरशीवर लाकडाच्या पायांचं घर्षण साधारण ०.३ धरलं, तर ५० किलोचं टेबल १५ किलोच्या ढकलण्याला सरकायला लागतं. म्हणजे प्रत्येक फटक्याला टेबल तुमच्या पुढे पळणार आणि तुम्ही त्याच्या मागे. तेच १३० किलोचं असलं तर ४० किलोच्या आसपास जोर लागेल, तेवढा आपण लावतच नाही. पटाशीचं, म्हणजे लाकडात खाच पाडायच्या छिन्नीचं, गणित वेगळं. पटाशीवर टोला मारला की ती ऊर्जा दोन ठिकाणी वाटली जाते, थोडी लाकूड कापण्यात आणि थोडी खालचा पृष्ठभाग वाकवण्यात. पातळ टॉप मांडवातल्या स्टेजसारखा खाली-वर होतो आणि तुमची मेहनत त्या झोक्यात जाते. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे २ इंचाऐवजी ४ इंच जाडी घेतली तर ताठपणा दुप्पट नाही तर आठपट. म्हणून मी ४ इंचांचाच हट्ट धरतो, आणि खाच मारताना काम नेहमी बेंचच्या पायाच्या बरोबर वर आणून मारतो, तिथून हादरा सरळ फरशीत उतरतो.

लाकूड कुठलं, यावर नाशकात दोन सोपे रस्ते आहेत. एक म्हणजे जुना सागवान. जुन्या गावातला एखादा वाडा उतरवला की त्याच्या तुळया आणि खांब वखारीत येतात, आणि पिढ्यानपिढ्या छपराखाली सुकलेलं लाकूड नव्यापेक्षा कितीतरी शांत असतं (खिळे मात्र चुंबक फिरवून एकेक काढून घ्या, एक खिळा राहिला तर रंध्याचं पातं गेलं). दुसरी बाभूळ. बाभळीला लोक सरपण समजतात याचं मला खरंच वाईट वाटतं. आपल्या शेतकऱ्यांनी नांगर, वखर, बैलगाडीच्या चाकाचे तुंबे (मधले गोल ठोकळे) आणि आरे पिढ्यानपिढ्या बाभळीचे केले ते उगाच नाही, मार खाणं आणि न चिरणं हे त्या लाकडाच्या अंगातच आहे. खोड बहुतेक वाकडं मिळतं, सहा फूट सरळ तुकडा सापडणं अवघड, पण बेंचचा टॉप आपण पट्ट्या चिकटवूनच करणार असल्याने ते चालून जातं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडून येणारं पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनही मिळतं, स्वस्त असतं आणि सुरुवातीला वाईट नाही, फक्त हलकं असतं.

इथे एक गंमतशीर गोष्ट सांगतो. लाकडाच्या पेशीभिंतीची घनता जवळपास सगळ्या झाडांत सारखीच असते, पाण्याच्या दीडपट. म्हणजे बाभूळ, सागवान, पांगारा, सगळ्यांचा माल एकच, फरक फक्त आत मोकळी जागा किती याचा. सुकलेला सागवान पाण्याच्या ०.६५ पट, बाभूळ साधारण ०.७८, म्हणजे बाभळीत निम्मा माल आणि निम्मी हवा, पांगाऱ्यात मात्र हवाच जास्त. अंजनासारखं लाकूड इतकं भरीव की पाण्यात बुडतं. आणि हो, शास्त्रात ज्याला हार्डवुड म्हणतात ते कडकपणावरून नाही, झाडाच्या कुळावरून ठरतं. पांगारा आणि काटेसावरही हार्डवुडच आणि नखाने ओरखडा पडेल इतके मऊ. खरा कडकपणा मोजायची पद्धत गॅब्रिएल यांका या ऑस्ट्रियन संशोधकाने १९०६ मध्ये काढली. ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात अर्धा रुतवायचा आणि त्याला किती जोर लागला ते बघायचं. हा विचित्र आकडा कशासाठी, तर अर्धा गोळा रुतला की खळग्याचं तोंड बरोब्बर १ चौरस सेंटिमीटर होतं.

माझा हिशोब असा झाला. टॉप ६ फूट बाय २ फूट, ४ इंच जाड, म्हणजे ४ घनफूट. पाय आणि आडवे दांडे मिळून आणखी २ घनफूट. एकूण ६ घनफूट, बाभूळ घनफुटाला २२ किलोच्या आसपास, झाले १३० किलो. फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर ठेवायला लोक घाबरतात, पण घरगुती स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचं वजन धरून डिझाइन करतात आणि हा बेंच त्याच्या १.१ चौरस मीटर जागेत १३० किलो आहे. बेंच भिंतीजवळ ठेवा, म्हणजे झालं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तो मी नुकसान सोसून शिकलो. माझा पहिला टॉप मी लोखंडी अँगलच्या फ्रेमवर चारी बाजूंनी स्क्रूने घट्ट आवळला होता, श्रावणात. दिसायला सुंदर, हलायचा नाही. पुढच्या एप्रिलमध्ये एका दुपारी शेजारच्या खोलीत बसलो होतो आणि फटाक्यासारखा आवाज आला, जाऊन बघतो तर टॉप मधोमध दीड फूट चिरलेला. लाकूड वाईट नव्हतं. मी त्याला श्वास घ्यायला जागा ठेवली नव्हती.

झालं काय होतं ते बघा. लाकूड म्हणजे मुख्यतः सेल्युलोजचे लांबच लांब धागे, एकमेकांना समांतर, बहुतेक झाडाच्या उंचीच्या दिशेने, आणि त्यांना लिग्निन नावाचा पदार्थ बांधून ठेवतो. या धाग्यांना पाण्याची ओढ आहे. हवा दमट झाली की पाण्याचे रेणू धाग्यांच्या मधे शिरतात आणि त्यांना बाजूला सारतात, हवा कोरडी झाली की निघून जातात आणि धागे परत जवळ येतात. म्हणून लाकूड रुंदीत फुगतं-आटतं, लांबीत जवळजवळ नाही, कारण पाणी धाग्यांच्या मधे शिरतं, धागा लांब करत नाही. ताज्या कापलेल्या झाडातलं पेशींच्या पोकळीतलं पाणी उडून जाईपर्यंत आकार बदलत नाही, ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास खाली आला की मग आटणं सुरू होतं. नाशकात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास येते आणि ऑगस्टमध्ये ८५च्या वर असते. पातळ लाकूड या दोन हवांत पुरेसा वेळ राहिलं तर त्याचा ओलावा ५ टक्क्यांपासून १७ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. चार इंची टॉप एवढा पटकन बदलत नाही, आतपर्यंत बातमी पोचायलाच आठवडे लागतात, तरी ६ टक्क्यांचा फरक धरायला हरकत नाही.

सागवान ताज्या ओल्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत वाढीच्या वलयांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आटतो आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने २.५ टक्के. सागवान या बाबतीत सगळ्यात सभ्य लाकडांपैकी एक, तरी दोन फूट रुंद टॉपसाठी हिशोब केला तर वर्षभरात ७ मिलिमीटर फरक पडतो. लोखंडाची फ्रेम तर एक मिलिमीटरही हलत नाही. मग सात मिलिमीटरची ओढाताण लाकडाने कुठे काढायची, मधोमध चिरूनच ना.

बैलगाडीवाल्यांना हे सगळं माहीत होतं. चाकावरची लोखंडी धाव, म्हणजे बाहेरची गोल पट्टी, तापवून चढवतात, गार झाली की आवळते आणि सगळे तुकडे घट्ट बसतात. पण उन्हाळ्यात धाव ढिली व्हायची, कारण आरे लांबीत आटत नसले तरी तुंबा आणि बाहेरचे वाकडे तुकडे आटतात. मग गाडी ओढ्यात किंवा नदीत उभी करायची, लाकूड पाणी पिऊन फुगलं की धाव परत घट्ट. बाभळीचे ओंडके महिनोन् महिने डोहात बुडवून ठेवायची पद्धतही यातलीच. बाहेरच्या पांढऱ्या भागातली साखर आणि पिठूळ माल पाण्यात निघून जातो आणि मग कीड तिकडे फिरकत नाही.

दुसऱ्या वेळी मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली, पट्ट्या आडव्या न चिकटवता उभ्या चिकटवल्या. साध्या चिरलेल्या फळीत वलयं रुंदीला समांतर असतात, ती कडेवर उभी केली की जास्त आटणारी दिशा टॉपच्या जाडीत जाते आणि कमी आटणारी रुंदीत येते. सात मिलिमीटरचे तीन होतात, फुकटात, फक्त फळी फिरवली म्हणून. जाडीत मिलिमीटरभर फरक पडतो पण तो सगळीकडे सारखाच असल्याने कळतही नाही. दुसरी, टॉप पुढच्या बाजूने पायांना पक्का केला आणि मागच्या बाजूच्या बोल्टांना लांबट भोकं ठेवली, म्हणजे फुगायचं-आटायचं ते मागच्या मागे, आणि जिथे काम करतो ती पुढची कड कायम जागेवर.

लाकूड सुकलंय का ते बघायला मॉइश्चर मीटर मिळतो, पण घरच्या घरीही कळतं. फळीच्या टोकाचा नको, मधला एक तुकडा कापा, वजन करा, ओव्हनमध्ये १०३ अंशांवर ठेवून वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. आधी ११५ ग्रॅम होता आणि नंतर १०० झाला तर ओलावा १५ टक्के. मी १२च्या आसपास आल्याशिवाय हात लावत नाही. हवेवर सुकवायचं तर इंचाला एक वर्ष हा जुना अंदाज धरून चाला, म्हणूनच जाड ओंडक्यापेक्षा दीड-दोन इंची पट्ट्या घेणं बरं पडतं.

पायांबद्दल थोडक्यात. चार काड्यांचा चौकोन कोपऱ्यांत दोरा बांधून केला तर तो दाबला की तिरका होतो, बेंचचंही तसंच होतं, रंध्याच्या प्रत्येक फटक्याला. स्क्रूने हे थांबत नाही, खोल कुसू (खाचेत बसणारी लाकडाची जीभ) आणि घट्ट खाच लागते, आडवा दांडा चांगला पाच-सहा इंच रुंद लागतो, तेवढ्या उंचीचा सांधा वळायला नकार देतो. लांबीच्या दांड्यांना मी फेविकॉल लावलाच नाही, कुसू आरपार काढून बाहेरून बाभळीची पाचर मारली. एप्रिलमध्ये सांधा सैल वाटला की पाचरीवर दोन टोले, झालं. उंची मनगटापर्यंत ठेवलीय, कारण रंध्यावर अंगाचं वजन टाकता आलं पाहिजे, नुसत्या दंडाने थोडा वेळच काम होतं.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. तेल ओलावा थांबवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करतं, त्यामुळे टॉपच्या खालच्या बाजूलाही तेवढंच लावा, नाहीतर एक बाजू लवकर सुकते आणि टॉप वाकतो. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, तेलाचे बोळे कधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं, त्यात उष्णता निघते, आणि चोळामोळा झालेल्या फडक्यात ती अडकून काडी न लावता आग लागू शकते. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

बेंचच्या मागच्या कडेला, लांबट भोकाशेजारी, मी पायावर पेन्सिलने एक रेघ मारून ठेवलीय आणि एप्रिलमध्ये टॉपची कड तिला बरोबर जुळत होती. परवा गंगापूर धरणातून पाणी सोडल्याच्या बातम्या येत होत्या, गोदेला चांगलं पाणी होतं, त्या संध्याकाळी टेप लावून बघितलं. कड रेघेपासून अडीच मिलिमीटर मागे सरकली होती आणि टॉपवर केसाएवढीही चीर नव्हती.