मुक्त सॉफ्टवेअरसोबत गेम जोडून वाटणे

लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीची डीव्हीडी, शाळेला भेट दिलेला पेनड्राइव्ह किंवा दुकानात भरून मिळणारा संगणक यांत मुक्त म्हणजेच ओपन सोर्स (ज्याचा मूळ कोड पाहता, बदलता व वाटता येतो अशा) सॉफ्टवेअरच्या जोडीला गेमही टाकून देण्याची पद्धत, आणि तिच्यातून उद्भवणारी कायदेशीर जोखीम. ‘पोरांसाठी दोन-चार गेम घाला हो’ ही मागणी कुडाळ-चिपळूणच्या संगणक दुकानांना नवी नाही. लिब्रेऑफिस हे कार्यालयीन कामाचे मुक्त सॉफ्टवेअर वाटताना सहसा काही अडत नाही. गेमचे तसे नसते. एका फोल्डरात चार मालक नांदत असतात: कोड एकाचा, चित्रे दुसऱ्याची, संगीत तिसऱ्याचे आणि नाव चौथ्याचे. परवाना वाचणारा बहुधा कोडचाच वाचतो, नि घोळ उरलेल्या तिघांत होतो.

राक्षसांशी लढण्याचा गेम ‘डूम’ हे याचे ठळक उदाहरण. आयडी सॉफ्टवेअरने त्याचा कोड १९९७ मध्ये खुला केला आणि १९९९ मध्ये जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आणला. पण राक्षस, नकाशे व आवाज साठवणारी ‘वॅड’ फाइल मालकीचीच राहिली. ‘डूम ओपन सोर्स आहे’ असे म्हणून ती पूर्ण फाइल वाटणे म्हणजे सरळ उल्लंघन. म्हणूनच ‘फ्रीडूम’ प्रकल्पाने सगळी सामग्री नव्याने घडवली. स्वतः मुक्त असूनही चालण्यासाठी अमुक्त सामग्री लागणारी पॅकेजे डेबियन ही लिनक्स-प्रणाली ‘कॉन्ट्रिब’ या वेगळ्या विभागात ठेवते.

जीपीएलचा संसर्ग शेजारच्या प्रोग्रॅमला होतो, म्हणजे तोही त्याच परवान्याखाली येतो, ही भीती मात्र अनाठायी आहे. एकाच डिस्कवर केवळ शेजारी ठेवल्याने दुसऱ्या प्रोग्रॅमवर हा परवाना लागू होत नाही, असे त्याच्या दुसऱ्या आवृत्तीतच (१९९१) म्हटले आहे. पैसे घेऊन विकायलाही आडकाठी नाही. अट एवढीच, की स्रोत-कोड सोबत द्यावा किंवा तो मागेल त्याला देण्याची किमान तीन वर्षांची लेखी हमी द्यावी. अशी हमी बिलामागे छापणारा दुकानदार विरळाच. आणि अट मोडली की परवानाच संपुष्टात येतो. क्रिएटिव्ह कॉमन्स या चित्रे-संगीतासाठीच्या खुल्या परवान्यांपैकी ‘अव्यावसायिक’ परवान्याची चित्रे असतील, तर विक्रीच्या डीव्हीडीत ती नकोतच.

खेळाचे नियम कोणाच्या मालकीचे नसतात, पण नाव आणि रूप असू शकते. लिनक्सवरच्या नोम डेस्कटॉपमधील, टेट्रिस या ठोकळे रचण्याच्या गेमच्या धर्तीवरच्या ‘नोमट्रिस’चे नाव पुढे ‘क्वाड्रापॅसेल’ झाले. २०१२ मध्ये न्यू जर्सीतील संघीय न्यायालयाने टेट्रिसची हुबेहूब नक्कल उल्लंघन ठरवली. त्याआधी २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्क्रॅबल या शब्दखेळाच्या पटावरचा कॉपीराइटचा दावा सकृद्दर्शनी मान्य केला नाही, तरी त्याच्या ऑनलाइन नकलेला ‘स्क्रॅब्युलस’ हे नाव वापरण्यास मनाई केली.

याच कसोटीवर सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा खेळ, पाहावा. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने असतात. त्याचे नियम आणि जुन्या धाटणीची कल्पना कोणीही संगणकावर आणावी. पण हयात चित्रकाराने रंगवलेला संच विकत आणायचा, स्कॅन करायचा आणि गेमला जीपीएल लावून वाटायचा, हे चालत नाही. संच विकत घेतल्याने पाने आपली होतात, चित्रांचे हक्क नव्हे. ते चित्रकाराच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. परवानगी तोंडी नको, लेखी हवी. (गावात ‘आपलाच माणूस आहे’ यावर बरेच व्यवहार होतात, तेवढ्यासाठी हे सांगणे.)

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. नफ्यासाठी केले नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. शाळेला फुकट पेनड्राइव्ह देणाऱ्याला एवढाच काय तो आधार. दिवाणी दाव्यात अडचण वेगळीच असते: कलम ६२ मुळे हक्कधारक आपल्या व्यवसायाच्या ठिकाणच्या न्यायालयातही जाऊ शकतो. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापूरला आले आहे. पण कंपनीने दावा मुंबईत वा दिल्लीत लावला, तर कुडाळच्या दुकानदाराला तारखेसाठी तिकडचीच गाडी धरावी लागते.