गाडीच्या पार्टमधले विषारी धातू आणि नदीचं पाणी

ब्रेक, टायर, बॅलन्सिंगला मारलेली शिशाची वजनं असले पार्ट चालत्या गाडीतून झिजतात नाहीतर गळून पडतात आणि पावसाबरोबर ओढ्यातून नदीत जातात, म्हणून पार्ट बनवतानाच त्यात कुठला पदार्थ किती चालेल हे कायद्यानं ठरवून द्यायचं, अशी ही व्यवस्था.

सातारकरांना यासाठी पसरणी घाट पुरेसा आहे. पाचगणीवरून वाईला उतरताना टुरिस्ट मंडळी सेकंड गिअर टाकायचं सोडून नुसता ब्रेक दाबत येतात आणि खाली लायनर जळाल्याचा वास सुटतो. गॅरेजवाला चाक काढून कंप्रेसरची हवा मारतो तेव्हा जी काळी पूड उडते ती झिजलेल्या ब्रेक पॅडची, पण ती उरलीसुरली, बाकीची घाटातच सांडलेली असते आणि जूनच्या पावसात कृष्णेकडे निघते. कारखान्याची मळी नदीत आली तर निदान पाईप सापडतो, कुणाला तरी नोटीस काढता येते, इथं अख्खा रस्ताच गळतोय मग धरणार कुणाला? म्हणून पॅड बनवणाऱ्याला.

पॅडमध्ये तांबं घालतात ते उष्णता ओढून घ्यायला आणि ब्रेकचा किंचाळा कमी करायला. आपण तांब्याच्या भांड्यातलं पाणी कौतुकानं पितो, पण पाण्यात विरघळलेलं तांबं लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असलं तरी सामन माशाची वास घ्यायची ताकद बिघडते, मग शिकारी जवळ आलाय हेच त्याला कळत नाही. यावरूनच अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी 2010 मध्ये कायदे केले. कॅलिफोर्नियात 2014 पासून शिसं, पारा, कॅडमियम, अ‍ॅस्बेस्टॉसवर मर्यादा आली, तांबं 2021 पासून पॅडच्या वजनाच्या फार तर 5 टक्के आणि 2025 पासून फार तर 0.5 टक्के. पॅडच्या कडेला छापलेल्या कोडमध्ये ए, बी किंवा एन हे अक्षर असतं, एन म्हणजे तांबं 0.5 टक्क्यापेक्षा कमी. युरोपात चाकाच्या शिशाच्या वजनांवर 2005 मध्येच बंदी आली.

टायरचं प्रकरण जास्त किचकट आहे. रबर तडकू नये म्हणून घातलेलं सिक्सपीपीडी (6PPD) नावाचं रसायन हवेतल्या ओझोनशी मिळून वेगळंच रसायन तयार होतं आणि त्यानं कोहो जातीचा सामन काही तासांत मरतो, हे 2020 मध्ये उघड झालं. पण ते काढून दुसरं काय घालायचं यावर अजून झटापट चालू आहे, टायर फुटून माणसं मेली तर तेही परवडत नाही ना.

भारतात 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेले नियम मुदत संपलेल्या गाड्या नीट भंगारात काढण्याचे आहेत, म्हणजे गाडी स्क्रॅपला जाईल तेव्हाचा हिशोब. तोपर्यंत पसरणी आणि खंबाटकी घाटात किती पॅड झिजून गेले ते त्यात येत नाही.