लक्षण आजाराचे की औषधाचे? फायब्रोमायल्जियाच्या गोळ्यांचा फायदा-तोटा तोलताना होणारी गल्लत

फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर पसरलेले दुखणे, थकवा आणि मोडलेली झोप घेऊन येणारा दीर्घकाळचा आजार. त्याच्या रुग्णाला औषधाच्या माहितीपत्रकात दुष्परिणामांची जी यादी वाचायला मिळते, तिच्यातील बऱ्याच गोष्टी त्याला पहिली गोळी घेण्याच्या आधीपासूनच होत असतात. थकवा, डोकेदुखी, गरगरणे, लक्ष न लागणे, तोंडाला कोरड पडणे, पोट साफ न होणे, हातपाय सुजल्यासारखे वाटणे ही यादी दुष्परिणामांची म्हणून छापता येईल आणि आजाराच्या वर्णनातही जशीच्या तशी घालता येईल. औषधाचा फायदा किती आणि त्रास किती, हा हिशेब मांडण्यापूर्वी समोरचा त्रास नक्की कोणाच्या खात्यावर टाकायचा हे ठरवावे लागते, आणि बहुतेक गोंधळ नेमका येथेच होतो.

या गल्लतीतून दोन उलट चुका घडतात. आजाराचा थकवा औषधाच्या माथी मारून, उपयोगी पडू शकणारे औषध दहा-पंधरा दिवसांतच बंद केले जाते, ही एक. औषधाने आलेली गुंगी म्हणजे आजार बळावला असे समजून त्याच औषधाची मात्रा वाढवली जाते, ही दुसरी. पहिल्या चुकीत एक संधी हुकते. दुसरीत मात्र गुंगी वाढते, हालचाल कमी होते, हालचाल कमी झाल्याने अंग अधिक आखडते आणि दुखणेही वाढते, म्हणून मला ती अधिक घातक वाटते.

ही सरमिसळ का होते, हे आजाराच्या निकषांतच दिसते. 1990 सालच्या निकषांत शरीरावरील 18 ठरावीक बिंदूंपैकी किमान 11 बिंदू दाबल्यावर दुखतात का, हे पाहिले जात असे. 2010 च्या निकषांनी बिंदू दाबून पाहणे बाजूला ठेवले आणि दुखणे किती भागांत पसरले आहे याच्या जोडीला थकवा, झोपेतून ताजेतवाने न उठणे आणि विचार-स्मरणातील अडचण या तिन्हींना प्रत्येकी 0 ते 3 गुण देण्याची पद्धत आणली. म्हणजे ज्या तीन गोष्टींवरून आजाराची तीव्रता मोजायची, नेमक्या त्याच तीन गोष्टी या आजारावरच्या औषधांनीही होऊ शकतात. फायब्रोमायल्जियात सांध्यांत किंवा स्नायूंत दाह नसतो. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या पातळीवर वेदनेचे संदेश अवाजवी तीव्रतेने हाताळले जातात. त्यामुळे आयब्युप्रोफेनसारखी नेहमीची वेदनाशामके येथे फारशी कामाला येत नाहीत आणि उपचार थेट चेतासंस्थेवर काम करणाऱ्या औषधांनी करावा लागतो. अशी औषधे वेदनेबरोबरच झोप, एकाग्रता आणि शरीराचा तोल यांनाही स्पर्श करणार, हे ओघानेच आले.

फायद्याची बाजू आधी पाहू. अमेरिकेच्या औषध नियामकाने फायब्रोमायल्जियासाठी 2007 मध्ये प्रेगाबालिन, 2008 मध्ये ड्युलॉक्सेटिन आणि 2009 मध्ये मिल्नासिप्रान यांना मान्यता दिली. युरोपीय नियामकाने मात्र या तिन्ही औषधांना या आजारासाठी मान्यता नाकारली, कारण दिसलेला फायदा धोक्यांना पुरून उरतो असे त्याला वाटले नाही. जवळपास त्याच पुराव्यावरून दोन जबाबदार संस्था उलट निष्कर्षांवर येतात, यावरून फायद्याचे पारडे किती निसटते जड आहे हे कळते. प्रेगाबालिनच्या चाचण्यांत वेदना निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झालेल्या रुग्णांचे प्रमाण प्लासिबो, म्हणजे औषधी घटक नसलेली गोळी, घेणाऱ्यांपेक्षा शंभरात साधारण दहाने अधिक होते. हा आकडा वाचून पुष्कळांची निराशा होते, पण त्याचा अर्थ प्रत्येकाला दहा टक्के आराम पडतो असा नाही. मोजक्या लोकांना बराच आराम पडतो, काहींना थोडा आणि अनेकांना जवळजवळ काहीच नाही. म्हणूनच सरासरी पाहून निर्णय घेता येत नाही. आपण त्या मोजक्यांत आहोत की नाही, हे आपल्याच शरीरावर तपासावे लागते. आणि ते तपासताना आजाराचे लक्षण आणि औषधाचा परिणाम यांची सरमिसळ झाली, तर उत्तर चुकीचे येते.

सर्वांत जास्त गोंधळ थकवा आणि गुंगी यांत होतो. फायब्रोमायल्जियाचा थकवा रात्रभर झोपूनही सकाळी जसाच्या तसा असतो. माणूस आडवा पडतो, पण झोप लागेलच असे नाही, आणि आदल्या दिवशी जास्त काम झाले असेल तर दुसऱ्या दिवशी तो दामदुपटीने वसूल होतो. औषधाची गुंगी वेगळी असते. तिच्यात पापण्या खरोखर मिटतात, पेंग येते, बसल्या जागी डोळा लागतो आणि तिची वेळ गोळीच्या वेळेशी बांधलेली असते. प्रेगाबालिन रिकाम्या पोटी घेतल्यास साधारण दीड तासात आणि जेवणानंतर घेतल्यास सुमारे तीन तासांत रक्तात सर्वाधिक प्रमाणात असते. सकाळची गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांनी रोजच झापड येत असेल आणि सुट्टीच्या दिवशी गोळी उशिरा घेतल्यावर झापडही तेवढीच उशिरा येत असेल, तर संशय औषधावर घ्यायला हरकत नाही. ही गुंगी सुरुवातीला आणि प्रत्येक मात्रावाढीनंतर जास्त असते, पुढे पुष्कळांच्या बाबतीत ओसरते. आजाराच्या थकव्याला गोळीचे वेळापत्रक ठाऊक नसते.

अमिट्रिप्टिलिनच्या बाबतीत मात्र ही खूण फसवी ठरते. या जुन्या औषधाचा फायब्रोमायल्जियासाठी रात्री 10 ते 25 मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत मोठ्या प्रमाणावर वापर होतो. ते शरीरात बराच काळ टिकत असल्यामुळे रात्रीची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळते आणि हुबेहूब आजाराच्या सकाळच्या मरगळीसारखी दिसते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ झोपेच्या दोन-तीन तास आधी आणून पाहता येते. सकाळ हलकी झाली तर मरगळ बहुतांशी औषधाची होती. येथे हेही नोंदवायला हवे की दिवसा नकोशी असलेली हीच गुंगी रात्री उपचाराचे काम करते. एकच परिणाम घड्याळाच्या एका बाजूला दुष्परिणाम आणि दुसऱ्या बाजूला फायदा ठरतो, म्हणून मात्रेचा मोठा भाग रात्रीकडे सरकवण्याचा मार्ग डॉक्टर अनेकदा निवडतात.

फायब्रो फॉग या नावाने ओळखला जाणारा मेंदूवरचा मळभ आणि औषधाने आलेले मांद्य यांच्यातला फरक अधिक बारीक आहे. आजारात ऐन वेळी शब्द सापडत नाही, एका कामातून दुसऱ्याकडे वळताना पहिले निसटते, गोंगाटात आणि अपुऱ्या झोपेनंतर हे वाढते आणि चांगल्या दिवशी बरेच कमी होते. औषधाने आलेल्या मांद्यासोबत बहुधा शरीरही साक्ष देते: जिना उतरताना आपोआप कठडा धरला जातो, झटकन वळल्यावर तोल जातो, अक्षरे धूसर किंवा दुहेरी दिसतात. प्रेगाबालिनच्या चाचण्यांत सुमारे तीनांपैकी एका रुग्णाला गरगरण्याचा त्रास झाला. प्लासिबो घेणाऱ्यांत हे प्रमाण साधारण दहात एक होते. विसराळूपणा एकटाच असेल तर घाई करू नये, पण त्याच्या जोडीला चाल डगमगू लागली असेल तर ते औषधाचेच धरून चालावे आणि डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत वाहन चालवू नये. वयस्कर व्यक्तींच्या बाबतीत ही गोष्ट विशेष गंभीर आहे, कारण पडून हाड मोडल्याची किंमत वेदना थोडी कमी झाल्याच्या फायद्यापेक्षा कितीतरी मोठी असते.

सुजेच्या बाबतीत उत्तर बोटाने मिळते. फायब्रोमायल्जियात हात-पाय सुजल्यासारखे वाटतात, सकाळी बोटे जाड भासतात, पण अंगठी नेहमीसारखी निघते आणि डोळ्यांना सूज दिसत नाही. प्रेगाबालिनने मात्र काहींच्या पायांत खरेच पाणी साठते. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबून धरावा आणि उचलावा. तेथे खळगा राहिला आणि तो सावकाश भरला, तर ती सूज खरी आहे. चपलेचा किंवा मोज्याचा वळ संध्याकाळी खोल उमटत असेल तर तोही याच प्रकारात मोडतो. वजनाचेही असेच आहे: वाटण्यावर न जाता काट्यावर पाहावे, औषध सुरू करण्याआधी एकदा आणि नंतर दर महिन्याला.

ड्युलॉक्सेटिन आणि मिल्नासिप्रान यांचे दुष्परिणाम ओळखायला तुलनेने सोपे जातात. मळमळ बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत येते, गोळी जेवणासोबत घेतल्यास कमी होते आणि अनेकांच्या बाबतीत आपोआप थांबते. घाम वाढणे, भूक मंदावणे आणि छातीत धडधड हेही याच गटातले. फायब्रोमायल्जियासोबत आतड्याचा विकार असणाऱ्यांना कधी बद्धकोष्ठता, कधी जुलाब असा हेलकावा ओळखीचा असतो. गोळी सुरू झाल्यापासून हेलकावा थांबून केवळ बद्धकोष्ठताच राहिली असेल तर कारण नवे आहे. रक्तदाब हा तर उघड साक्षीदार आहे. ही औषधे तो वाढवू शकतात, त्यामुळे सुरू करण्याआधीची नोंद हाताशी असली पाहिजे.

आता या सगळ्या खुणांवर पाणी फिरवणारी एक गोष्ट. फायब्रोमायल्जियाच्या चाचण्यांत औषधी घटक नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकीही सुमारे दहात एकाने दुष्परिणामांना कंटाळून चाचणी सोडली आहे. हे लोक खोटे बोलत नव्हते. आजाराचे चढउतार चालू होते आणि त्रास होईल ही अपेक्षा मनात होती. त्या काळात जे जे झाले ते गोळीच्या नावावर नोंदले गेले. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: माणूस बहुधा दुखणे असह्य झाल्यावर डॉक्टरांकडे जातो, आणि असह्य दिवसांनंतर बरे दिवस आपोआप येतात, त्यामुळे न केलेल्या उपकाराचे श्रेयही औषधाला मिळून जाते. यावर एकच साधा उपाय आहे, आणि तो म्हणजे औषध सुरू होण्याआधीच्या दोन आठवड्यांची नोंद. रोजची वेदना 0 ते 10 या मापावर, रात्री किती वेळा जाग आली, दिवसा डोळा लागला का आणि ठरवलेले एक काम, उदाहरणार्थ वीस मिनिटे चालणे, झाले की नाही. यापेक्षा मोठी वही कोणी चालवत नाही, आणि तिची गरजही नसते. तुलना करायला आधीचे काही नसेल, तर नंतरची बारकाईची नोंदही फारसे काही सांगू शकत नाही.

तोलताना वेदनेच्या आकड्याला किती महत्त्व द्यायचे? संशोधनात वेदना 30 टक्क्यांनी कमी होणे हा मध्यम आणि 50 टक्क्यांनी कमी होणे हा मोठा फायदा मानतात. सातावरून पाचावर येणे म्हणजे जवळजवळ 30 टक्के. पण वेदना सातावरून पाचावर आली आणि त्याच वेळी रोजचे चालणे गुंगीमुळे सुटले, तर मी याला फायदा म्हणणार नाही. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये सुधारलेल्या शिफारशींत फायब्रोमायल्जियासाठी ठाम शिफारस फक्त व्यायामाची आहे. औषधांची शिफारस सौम्य शब्दांत केलेली आहे. तेव्हा औषधाने शरीर हलते केले की निजवले, हा प्रश्न वेदनेच्या आकड्याइतकाच वजनदार आहे. मात्रा वाढवण्याचा मोहही तोलूनच आवरावा लागतो: ड्युलॉक्सेटिन 60 मिलिग्रॅमच्या पुढे आणि प्रेगाबालिन दिवसाला 450 मिलिग्रॅमच्या पुढे नेल्यास या आजारात वेदना अधिक कमी होत असल्याचे दिसलेले नाही, दुष्परिणाम मात्र वाढतात. मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर प्रेगाबालिनची नेहमीची मात्राही जास्त ठरते.

काही त्रासांच्या बाबतीत मात्र आजार की औषध हा खल करत बसू नये. ड्युलॉक्सेटिनसोबत ट्रामाडॉल हे वेदनाशामक चालू असताना खूप घाम, थरथर, ताप आणि अस्वस्थता एकदम आली, प्रेगाबालिनसोबत अफूवर्गीय वेदनाशामक घेणाऱ्याचा श्वास मंद झाला, डोळे किंवा लघवी पिवळी दिसू लागली, मनात आत्महत्येचे विचार येऊ लागले किंवा चेहरा-ओठ सुजले, तर त्याच वेळी वैद्यकीय मदत घ्यावी.

शेवटची गल्लत औषध थांबवताना होते. एकदोन गोळ्या चुकल्यावर किंवा औषध एकाएकी सोडल्यावर गरगरणे, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्ने आणि ड्युलॉक्सेटिनच्या बाबतीत डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी सणक असे त्रास होऊ शकतात. ते पाहून रुग्ण म्हणतो की गोळीशिवाय आपले चालतच नाही, म्हणजे गोळी गुणकारी आहे. हा निष्कर्ष घाईचा आहे. औषध तुटल्याचा त्रास बहुधा दोन-तीन दिवसांत सुरू होतो, त्यात पूर्वी कधी नसलेली लक्षणे असतात आणि तो काही दिवसांत, क्वचित काही आठवड्यांत, विरतो. गोळी पुन्हा घेतली तर लवकरच थांबतो. दबलेला आजार परततो तेव्हा तो ओळखीच्या वाटेने येतो: तीच मान, तेच खांदे, तीच मोडलेली झोप, आणि वेदना काही आठवड्यांत हळूहळू चढत जाते. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने उतरवावी आणि औषधाचा खरोखर उपयोग होत होता का, याचा निवाडा गोळी बंद झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यावरून न करता त्यानंतरच्या महिन्यावरून करावा.