तळावरच्या गरीचे गणित

ठाण्याची खाडी उथळ आणि गाळाची असली, तरी तिच्यातले पाणी स्वस्थ बसत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत साडेचार ते पाच मीटरांपर्यंत फरक पडतो, आणि साधारण १२ तास २५ मिनिटांच्या एका फेऱ्यात हे सगळे पाणी खाडीच्या चिंचोळ्या पात्रातून आत येऊन परत जाते. ही चढउतार एकसारख्या गतीने होत नाही. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला एकूण चढीचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन भाग, तिसऱ्या व चौथ्याला प्रत्येकी तीन, मग पुन्हा दोन आणि एक, असा ढोबळ नियम दर्यावर्दी वापरतात. म्हणजे ४.८ मीटरांच्या चढीपैकी २.४ मीटर पाणी मधल्या दोनच तासांत चढते आणि ओढही बहुधा त्याच सुमारास सर्वांत जास्त असते. वाशीगाव, सारसोळे किंवा दिवाळे येथे काठावरून गरी, म्हणजे दोर, गळ आणि वजन यांची जोडणी, टाकणाऱ्याला या ओढीशी आधी जुळवून घ्यावे लागते. मासा त्यानंतरची गोष्ट.

दुकानात मिळणाऱ्या तयार गऱ्यांवर चकचकीत मणी, लांबलचक तारा आणि जाड तंगूस (नायलॉनचा एकसंध धागा) असतो. त्या वाईट असतात असे नाही, परंतु त्या कोणत्याही एका जागेसाठी बांधलेल्या नसतात. घरी गरी बांधण्याचे खरे प्रयोजन पैसे वाचवणे हे नसून, पाण्याची ओढ आणि तळ पाहून प्रत्येक भागाची जाडी स्वतः ठरवता येणे हे आहे.

गरी वाहून जाऊ लागली की बहुतेक जण वजन वाढवतात. हा उपाय किती अपुरा आहे हे थोड्या आकडेमोडीने दिसते. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि प्रवाहाला आडव्या येणाऱ्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला अर्धा मीटर वेगाच्या प्रवाहात १०० ग्रॅमच्या शिशाच्या गोळीवर जेमतेम ३ ग्रॅम वजनाइतका रोध पडतो, कारण ती गोळी अडीच सेंटिमीटरच असते. त्याच प्रवाहात ०.४० मिलिमीटर जाडीचा ३० मीटर तंगूस आडवा धरला, तर त्यावरचा रोध सुमारे १९० ग्रॅम भरतो. प्रत्यक्षात दोर तिरपी होते आणि भार काठी व वजन यांच्यात विभागला जातो, त्यामुळे आकडा कमी होतो. तरीही गरीला ओढून नेणारी वस्तू दोर आहे, शिसे नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. वेग दुप्पट झाला की हा रोध चौपट होतो. मुख्य दोर ०.२५ मिलिमीटरची घेतली, तर रोध एकदम तीन अष्टमांशाने उतरतो, आणि एवढा फरक आणखी ५० ग्रॅम शिसे लावूनही पडेलच असे नाही. विणलेल्या पॉलिथिलीनच्या बारीक दोरीचा येथे खरा उपयोग होतो, कारण तेवढ्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा ती पुष्कळ पातळ असते. शिवाय ती फारशी ताणली जात नसल्यामुळे माशाने केलेली टोचणी हातापर्यंत लवकर पोहोचते.

मग सगळीच गरी पातळ का बांधू नये? याचे उत्तर व्यासाच्या घातांकांत आहे. दोरीवरचा रोध व्यासाच्या पहिल्या घाताने वाढतो, तिची ताकद दुसऱ्या घाताने आणि तिचा ताठपणा चौथ्या घाताने. तंगूस दुप्पट जाड केला, तर पाणी त्याला दुप्पट ओढते, तो चौपट भार पेलतो आणि सोळापट ताठ होतो. लांबलचक मुख्य दोरीला रोध महागात पडतो, म्हणून ती पातळ हवी. गळाच्या आखूड फाट्यांना, म्हणजे मुख्य अंगातून बाजूला काढून गळ बांधलेल्या तुकड्यांना, मात्र रोधाची पर्वा नसते, कारण त्यांची लांबी वितीएवढीच. तेथे ताठपणा हवा, नाहीतर फाटा मुख्य अंगाला चिकटून गुंडाळला जातो आणि आमिष लावलेला गळ गुंत्यात निरुपयोगी लटकत राहतो.

खाडीसाठी दोन गळांची, खाली वजन असलेली सरळ गरी पुरेशी आहे. मीटरभर लांबीचा ०.६० मिलिमीटरचा तंगूस घ्यावा आणि वरच्या टोकाला मुख्य दोरीशी जोडण्यासाठी स्विव्हल (मोकळी फिरणारी कडी) बांधावे. प्रवाहात आमिषाचा तुकडा पंख्यासारखा फिरतो आणि ते फिरणे दोरीत पीळ होऊन साठते. स्विव्हल तो पीळ सोडवते. फाटे याच तंगूसचे काढावेत आणि १५ सेंटिमीटरांहून लांब ठेवू नयेत. दोन फाट्यांमधले अंतर त्यांच्या लांबीच्या बेरजेपेक्षा जास्त, म्हणजे येथे ३० सेंटिमीटरांहून अधिक ठेवले, की एक गळ दुसऱ्याला गाठूच शकत नाही. खालचा फाटा वजनापासून वीतभर वर असावा, नाहीतर आमिष गाळात रुतते.

गाठ बांधताना घाई करू नये. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवून स्वतःभोवती पाच-सहा वेढे द्यावेत, टोक फासातून काढावे, आणि ओढण्यापूर्वी ती जागा थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी. कोरडी गाठ खेचली की वेढे एकमेकांवर घासून तापतात, आणि नायलॉनचा पृष्ठभाग तेथेच नरम पडून कमजोर होतो. नीट पाहिले तर अशा गाठीजवळचा तंगूस पांढुरका आणि कुरळा झालेला दिसतो. तो भाग कापून टाकावा. साधी एकेरी गाठ तर गरीत कुठेही राहू देऊ नये, कारण तीव्र वळणावर दोरीची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा कितीतरी जास्त ताणली जाते आणि तुटण्याची सुरुवात तेथून होते. पाच-सहा वेढ्यांच्या गाठीत तोच भार अधिक लांबीवर पसरतो.

पाण्यात न दिसणारा म्हणून विकला जाणारा महागडा फ्लुओरोकार्बन (वेगळ्या प्लास्टिकचा धागा) घ्यावा का, असे पुष्कळ जण विचारतात. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचे माप) सुमारे १.४२, नायलॉनचा १.५३ आणि समुद्राच्या पाण्याचा १.३४, त्यामुळे नितळ पाण्यात तो कमी उठून दिसतो हे खरे. ठाणे खाडीच्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही, तेथे या गुणासाठी पैसे मोजणे मला व्यर्थ वाटते. कालवे चिकटलेल्या खडकावर घासून तो लवकर फाटत नाही, हे मात्र त्याच्या बाजूने सांगता येईल.

वजनाच्या बाबतीत शिशाला गुणांची कमतरता नाही. त्याची घनता पाण्याच्या ११ पटींहून अधिक असल्याने १०० ग्रॅम शिसे समुद्रात ९१ ग्रॅमांइतके भरते. लोखंड ८७ आणि साधा दगड सुमारे ६२. परंतु शिसे विषारी आहे. ब्रिटनमध्ये गळाची छोटी शिसे गिळून राजहंस मरू लागले, तेव्हा १९८७ मध्ये २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिसे-वजनांवर बंदी आली. आपल्या खाडीत ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि फ्लेमिंगो चोचीने चिखल गाळूनच खातो. अभयारण्यात गरी टाकू नयेच. पण भरतीचे पाणी हद्द पाळत नाही, हेही लक्षात असावे. लोखंड आणि शिसे यांच्यातला ४ ग्रॅमांचा फरक पाहता, रिक्षाच्या गॅरेजमध्ये टाकून दिलेले स्पार्क प्लग किंवा मोठे नट बांधणे मला केव्हाही श्रेयस्कर वाटते. घरी शिसे वितळवून ओतण्याचा खटाटोप तर करूच नये: ते ३२७ अंशांना वितळते, साच्यात ओलावा राहिला तर त्याची क्षणात वाफ होऊन तप्त धातू उडतो, आणि शिशाची धूळ घरात राहते ती वेगळीच.

हे वजन गरीला ०.३५ मिलिमीटरच्या पातळ तंगूसने बांधावे. त्याची ताकद ०.६० च्या सुमारे एक तृतीयांश असल्यामुळे, वजन दगडात किंवा जुन्या जाळ्यात अडकले तर तेवढाच तुकडा तुटतो आणि गळांसह बाकीची गरी हाती येते. अशी गरी जोर लावून भिरकावू नये. मध्येच तुटलेले वजन माणसाला लागू शकते. जेट्टीवरून अलगद सोडण्यासाठी ती योग्य आहे.

गळ म्हणून टोक आत वळलेला सर्कल हुक निवडावा. मासा आमिष गिळून वळला की असा गळ घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, म्हणून झटका न देता दोर फक्त ताणून धरावी लागते. लहान मासा जिवंत सोडणेही त्यामुळे सोपे जाते. खाडीत कोळंबीच्या तुकड्याला पुष्कळदा शिंगाळा येतो. मिशांवरच्या रुचिकलिकांनी तो अंधाऱ्या पाण्यातही आमिष हुडकतो. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे दातेरी व विषारी असतात, त्यामुळे त्याला हातात न धरता पक्कडीने गळ काढावा. काटा रुतलाच, तर तो भाग सोसवेल तितक्या, सुमारे ४५ अंशांच्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, कारण या विषातली प्रथिने उष्णतेने निकामी होतात. वेदना कमी झाली तरी काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो, म्हणून डॉक्टरांना दाखवणे टाळू नये.