एक अ‍ॅम्प्लिफायर, किती स्पीकर?

हॉलमध्ये चांगला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे, त्याला स्पीकरची एक जोडी लावलेली आहे. तेच गाणं बेडरूममध्ये आणि गॅलरीतही ऐकू यावं असं वाटतं. मग आणखी दोन जोड्या आणून त्यांच्या वायरी त्याच टर्मिनलमध्ये पिळून बसवल्या जातात. आवाज लगेच येतो. पण अ‍ॅम्प्लिफायर तापू लागतो, आणि घरात पाहुणे जमलेले असताना आवाज वाढवला की बंद पडतो. ‘वॅट कमी पडले’ असं म्हणून लोक जास्त वॅटचे स्पीकर आणतात, आणि तक्रार तशीच राहते. कारण पाहायला हवेत ते ओहम.

स्पीकरच्या पाठीवर 8 ओहम, 6 ओहम, 4 ओहम असं छापलेलं असतं. हा त्याचा इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या विद्युतधारेला तो किती विरोध करतो याचं माप. एकाच टर्मिनलला दोन स्पीकर लावले की त्यांची समांतर जोडणी होते आणि एकूण विरोध वाढण्याऐवजी घटतो. नाट्यगृहाचं दुसरं दार उघडलं की बाहेर पडणारी गर्दी दुप्पट होते, तसंच इथे विजेला दुसरी वाट मिळते. 8 ओहमचे दोन स्पीकर मिळून 4 ओहम, तीन मिळून साधारण 2.7, चार मिळून 2.

आता ओहमचा नियम लावू: व्होल्टेज भागिले ओहम म्हणजे धारा, आणि व्होल्टेज गुणिले धारा म्हणजे वॅट. अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला ठरावीक व्होल्टेज पुरवतो. समजा 20 व्होल्ट. 8 ओहमचा एक स्पीकर 2.5 अँपिअर ओढतो, म्हणजे 50 वॅट. दोन लावले तर 5 अँपिअर, 100 वॅट. तीन लावले तर 7.5 अँपिअर, 150 वॅट. प्रत्येक स्पीकरला आधीइतकेच 50 वॅट मिळत असतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला काही बिघडल्याचं जाणवत नाही. सगळा भार अ‍ॅम्प्लिफायरवर येतो, आणि हा हिशोब फक्त एका बाजूचा. डावीकडे आणि उजवीकडे तो वेगवेगळा लागू होतो.

हा भार उष्णता होऊन बाहेर पडतो. नेहमीच्या एबी वर्गाच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आतला पुरवठा 35 व्होल्टचा असेल आणि एखाद्या क्षणी स्पीकरला 20 व्होल्ट जात असतील, तर उरलेले 15 व्होल्ट आउटपुट ट्रान्झिस्टरवर, म्हणजे स्पीकरकडे धारा सोडणाऱ्या भागांवर, पडतात. ते गुणिले विद्युतधारा, इतकी शक्ती तिथेच जळते. धारा दुप्पट झाली की उष्णताही दुप्पट. यातली फारशी माहीत नसलेली गोष्ट अशी की ट्रान्झिस्टर सर्वांत जास्त तापतात ते पूर्ण आवाजाला नव्हे, तर कमाल शक्तीच्या 40 टक्क्यांच्या आसपास. म्हणून ‘आम्ही नॉब अर्ध्याच्या वर नेत नाही’ हा दिलासा फसवा आहे. याउलट जेवताना मागे हळू वाजणारं संगीत जेमतेम एखादा वॅट मागतं. तेवढ्याला दोन जोड्या बहुतेक अ‍ॅम्प्लिफायर सहज पेलतात.

स्पीकरवर छापलेला 8 ओहमचा आकडाही नाममात्र असतो. सुराच्या पट्टीनुसार इम्पीडन्स सतत बदलतो: खर्जात एका ठिकाणी तो कित्येक पटींनी चढतो, तर कुठे 8 च्या खाली येतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो नाममात्र आकड्याच्या 80 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 6.4 ओहमपर्यंत, उतरू शकतो. मल्टिमीटरने मोजून 6 च्या आसपास आकडा आला तर स्पीकर खराब आहे असं समजू नका. मीटर फक्त स्पीकरमधल्या कॉइलच्या तारेचा, न बदलणाऱ्या धारेला होणारा रोध दाखवतो.

मग एकसर जोडणी, म्हणजे स्पीकर एकामागे एक जोडणं, का नको? 8 आणि 8 मिळून 16 ओहम होतात, अ‍ॅम्प्लिफायर निर्धास्त. पण दोन स्पीकर वेगवेगळ्या जातीचे असतील तर प्रत्येक सुराला त्यांच्यातली व्होल्टेजची वाटणी बदलते आणि एकाचा इम्पीडन्स दुसऱ्याचा आवाज बिघडवतो. चारही स्पीकर अगदी सारखे असतील तर मात्र दोन-दोन एकसर आणि त्या दोन साखळ्या समांतर जोडाव्यात. एकूण पुन्हा 8 ओहम.

अ‍ॅम्प्लिफायरवर ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन जोड्यांची सोय असेल तर मागची ओळ नीट वाचा. एकच जोडी चालू असताना प्रत्येक स्पीकर किमान 4 ओहम, दोन्ही चालू असताना किमान 8 ओहम, अशी अट बऱ्याचदा तिथे असते. तीन-चार जोड्यांसाठी स्पीकर सिलेक्टर, म्हणजे हव्या त्या जोड्या चालू करायचा डबा, मिळतो. त्यातल्या स्वस्त प्रकारात संरक्षणासाठी वाटेत एक रोध टाकतात. 2 ओहमच्या भाराआधी 2.5 ओहमचा रोध आला, तर निम्म्याहून जास्त शक्ती त्या डब्यातच जाते.

रेल्वे स्टेशनवर किंवा शाळेत एका अ‍ॅम्प्लिफायरवर डझनावारी स्पीकर चालतात, कारण तिथे 100 व्होल्टची लाइन असते, म्हणजे जास्त व्होल्टेजवर थोडीच धारा पाठवतात. प्रत्येक स्पीकरजवळ हे व्होल्टेज उतरवणारा लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर असतो; त्यावर 5 वॅट निवडले तर लाइनला तो स्पीकर 2000 ओहमचा दिसतो. असे वीस लावले तरी भार 100 ओहम, धारा फक्त 1 अँपिअर. तिथे फक्त वॅटची बेरीज करायची आणि ती अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटपेक्षा कमी ठेवायची. घोषणेसाठी ही पद्धत उत्तम. छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून खर्ज मात्र नीट उतरत नाही.

लांबच्या खोलीसाठी वायर जाड घ्या. 10 मीटर अंतराला जाऊन-येऊन 20 मीटर तांबं लागतं, 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्याचा रोध साधारण पाव ओहम भरतो, निम्म्या क्षेत्रफळाच्या वायरीत दुप्पट. लाल-काळी टोकंही सगळीकडे सारखी जोडा. एक उलटं लागलं तर दोन पडदे विरुद्ध दिशेने हलतात आणि खर्ज नाहीसा होतो. डाव्या-उजव्या बाजूंचे काळे टर्मिनल तर कधीच एकत्र जोडू नका, काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्यांवरही व्होल्टेज असतं.

तिसऱ्या जोडीसाठी मी स्वतः सिलेक्टर घेणार नाही. डी वर्गाचा (ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करणारा, म्हणून कमी तापणारा) छोटा अ‍ॅम्प्लिफायर आता स्वस्त मिळतो. मुख्य अ‍ॅम्प्लिफायरच्या प्री-आउटमधून (शक्ती वाढवण्याआधीचा सिग्नल बाहेर देणाऱ्या जागेतून) सिग्नल त्याला द्यावा, म्हणजे त्या खोलीचा आवाजही वेगळा कमी-जास्त करता येतो.