प्रकल्प-खर्चाची संगणकीय खतावणी

प्रकल्प-खर्चाची संगणकीय खतावणी : प्रकल्प व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदलेला खर्च हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये योग्य खात्यावर, योग्य तारखेला आणि एकदाच चढवण्याची पद्धती. बांधकाम, यंत्रउभारणी, माहिती तंत्रज्ञान, जाहिरात, सल्लासेवा अशा ज्या व्यवसायांत कामागणिक नफातोटा पाहावा लागतो, तेथे ती रूढ आहे. खर्च कोणत्या कामापायी झाला, हे प्रकल्पाचे सॉफ्टवेअर सांगते; तो कोणत्या खात्याला नावे (डेबिट) पडला आणि कोणाचे देणे उभे राहिले, हे हिशेबाचे सॉफ्टवेअर सांगते. एकाच बिलाची ही दोन वर्गीकरणे जुळवणे हा या पद्धतीचा गाभा असून बहुतेक घोटाळेही तेथेच होतात.

उगम : कामागणिक हिशेब केव्हा सुरू झाला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. अँटवर्पचा मुद्रक क्रिस्तोफ प्लँटिन याच्या १५६३ च्या सुमारास सुरू होणाऱ्या वह्यांत प्रत्येक ग्रंथाचे वेगळे खाते दिसते. कागद आणि कामगारांची मजुरी त्या खात्याला नावे पडे व ग्रंथ छापून झाला की खात्यावरील रक्कम पुस्तकांच्या साठ्याकडे वर्ग होई. ही खाती मुख्य द्विनोंदी (प्रत्येक व्यवहार एका खात्याला नावे व दुसऱ्याला जमा लिहिणाऱ्या) हिशेबाचाच भाग होती, हे विशेष. दुसऱ्या मतानुसार परिव्यय लेखांकनाचा (उत्पादनखर्चाच्या हिशेबाचा) खरा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ब्रिटिश कारखानदारीत शोधावा लागतो. एमिल गार्क व जॉन मँजर फेल्स यांनी १८८७ मध्ये कारखान्यातील परिव्यय-नोंदी व्यापारी वह्यांशी बांधून घेण्याचा आग्रह धरला होता. प्लँटिनच्या वह्यांचा पुरावा प्रत्यक्ष असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र तेवढ्यावरून सोळाव्या शतकात ही रीत सर्रास होती, असे म्हणता येत नाही. महाराष्ट्रापुरते पाहता पेशवे दप्तरातील रोजकीर्दी दिवसाच्या क्रमाने लिहिलेल्या आहेत. त्यांतून एखाद्या बांधकामाचा खर्च काढायचा, तर दिवसागणिक नोंदी वेचाव्या लागतात.

दोन स्वतंत्र यंत्रणा जोडण्याचा प्रश्न पुष्कळच अलीकडचा आहे. अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी १९५८ मध्ये विकसित केलेले ‘पर्ट’ हे कामांचे वेळापत्रक आखण्याचे तंत्र मुळात वेळेपुरते होते. १९६२ मध्ये संरक्षण खाते व नासा यांनी त्याला खर्चाची जोड दिली आणि कामाच्या उतरंडीनुसार (मोठे काम, त्याचे भाग, उपभाग) खर्च मांडण्याची अपेक्षा ठेवली. कंत्राटदार कंपन्यांचे हिशेब मात्र विभागवार चालत. त्यामुळे एकच खर्च दोनदा, दोन रचनांत लिहिण्याची वेळ आली व विरोध वाढला. डिसेंबर १९६७ मध्ये संरक्षण खात्याने भूमिका बदलली : कंपनीने स्वतःची यंत्रणा ठेवावी, पण ती ३५ निकषांना उतरावी. प्रकल्पाचे आकडे हिशेबवह्यांतील आकड्यांशी पडताळता आले पाहिजेत, हा त्यामागील एक मुख्य विचार होता. आजच्या जोडणीचे वैचारिक मूळ १९६२ पेक्षा १९६७ मध्ये मानणे अधिक युक्त ठरेल.

पाठवण्याचे मार्ग : मोठ्या उद्योगांत सॅपसारख्या उद्योगव्यापी सॉफ्टवेअर प्रणाली प्रकल्प व हिशेब एकाच विदागारात (डेटाबेसमध्ये) ठेवतात, तेथे पाठवणीचा प्रश्न फारसा उरत नाही. इतरत्र सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकूर-फाइल) वा एक्सेल फाइल आयात करणे, एपीआयद्वारे (दोन सॉफ्टवेअरना आपसांत माहिती देता-घेता येणाऱ्या दुव्याद्वारे) थेट जोडणी करणे किंवा मधल्या जोडसेवेचा आधार घेणे हे मार्ग आहेत. झोहो प्रोजेक्ट्स व झोहो बुक्स यांसारख्या एकाच कंपनीच्या उत्पादनांत जोडणी तयार मिळते.

भारतात हिशेबाच्या बाजूला बहुधा टॅली हे सॉफ्टवेअर असते. टॅली बाहेरील व्हाउचर (एका व्यवहाराची नोंद) एक्सएमएल या खुणा लावलेल्या मजकूर-स्वरूपात स्वीकारते. संगणकावर ती सर्व्हर म्हणून चालवल्यास नेहमीचा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ९००० हा असतो. आलेल्या व्हाउचरमधील लेजरचे (खात्याचे) नाव टॅलीतील नावाशी किंवा त्याच्या उपनावाशी जुळावे लागते. लेजर न सापडल्यास व्हाउचर चढत नाही. या एक्सएमएलमध्ये नावे रक्कम ऋण चिन्हाने लिहितात. नवख्या प्रोग्रामरची पहिली ठेच बहुधा येथेच लागते. प्रकल्पाची ओळख लेजरच्या नावात कोंबू नये. त्यासाठी कॉस्ट सेंटर (खर्च कोणत्या कामाचा, हे दाखवणारी वेगळी खूण) आहे; ‘सिमेंट–वाकड साइट’, ‘सिमेंट–हडपसर साइट’ अशी लेजर वाढवत गेल्यास खतावणी फुगते आणि एकूण सिमेंट किती घेतले, हेच दिसेनासे होते.

खातेजोड : प्रकल्पातील प्रत्येक खर्चप्रकार कोणत्या लेजरवर जावा, हे ठरवणारा तक्ता आधी हिशेबनिसाने तयार करावा लागतो. तक्त्यात न सापडलेला खर्च उचंत (तात्पुरत्या) खात्यात टाकण्याची सोय ठेवतात. महिनाअखेर ते खाते रिकामे झाले नाही, तर तक्ता अपुरा आहे असे समजावे.

वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून (१ जुलै २०१७) या जोडणीत कराचा प्रश्न कळीचा झाला आहे. राज्यांतर्गत खरेदीचे उदाहरण घेऊ. विद्युत साहित्याचे बिल ५०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर ९,००० रुपये. साइट इंजिनिअर ‘वायरिंग’ या कामासमोर ५९,००० रुपये भरतो. हिशेबात मात्र साहित्य खाते ५०,००० रुपये नावे, सीजीएसटी (केंद्राचा कर) व एसजीएसटी (राज्याचा कर) प्रत्येकी ४,५०० रुपये नावे आणि पुरवठादार ५९,००० रुपये जमा (क्रेडिट), असे चार भाग होतात. खरेदीवर दिलेल्या कराची वजावट आपल्या विक्रीवरील करातून मिळत असेल, तर प्रकल्पाचा खरा खर्च ५०,००० रुपयेच आहे आणि प्रकल्पपत्रकात ९,००० रुपयांची खोटी वाढ दिसते. उलट, १ एप्रिल २०१९ पासूनच्या वजावटरहित सवलतीच्या दराने कर भरणाऱ्या निवासी बांधकामासाठी हेच साहित्य घेतले असेल, तर वजावट नाही आणि पूर्ण ५९,००० रुपये खर्चात धरावे लागतात. म्हणजे खातेजोड केवळ खर्चप्रकारावर ठरवून भागत नाही. प्रकल्पाचा करप्रकारही तक्त्यात हवा. तयार जोडण्यांत हा रकाना पुष्कळदा नसतो, ही मोठी उणीव आहे.

तारीख, दुहेरी नोंद व दुरुस्ती : खर्चाची, मंजुरीची व चढवण्याची तारीख वेगवेगळी असू शकते. मार्चमधील बिल एप्रिलमध्ये मंजूर झाले, तरी खर्च मार्चचाच राहतो. जाळे मध्येच तुटून तीच नोंद पुन्हा पाठवली गेल्यास बिल दोनदा चढते. म्हणून प्रत्येक नोंदीला स्वतंत्र ओळख-क्रमांक देऊन तो हिशेबाच्या व्हाउचरमध्येही साठवतात. पाठवलेली नोंद प्रकल्पात बदलल्यास जुने व्हाउचर गुपचूप खोडून नवे लिहिण्यापेक्षा उलट नोंद करून नवी नोंद करणे चांगले. बदलांचा माग त्यामुळे स्वच्छ राहतो.

कंपन्यांच्या बाबतीत मागाला कायद्याचेही बंधन आहे. १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे व ती नोंद बंद करता न येणारे असावे लागते. प्रकल्पाचे सॉफ्टवेअर या नियमात येते का, यावर दोन मते आहेत. ते केवळ मंजुरीपूर्व कच्ची नोंद ठेवते, म्हणून येत नाही, असे एक मत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २(१३) मधील हिशेबवह्यांच्या व्याख्येत बसणारी नोंद जेथे राहते ते सॉफ्टवेअर नियमाच्या कक्षेत येते, हे दुसरे. व्याख्येच्या शब्दांना ते अधिक धरून आहे. हिशेबवह्या व त्यांची प्रमाणके (व्हाउचर) आठ आर्थिक वर्षे जपणे बंधनकारक असल्याने पावतीचे छायाचित्र फक्त प्रकल्पाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवून त्याची वर्गणी बंद करणे धोक्याचे आहे.

रोख व उचल : साइटवर मुकादमाला दिलेली उचल प्रकल्पात दिल्या दिवशीच खर्च म्हणून दाखवण्याची सवय सार्वत्रिक आहे. हिशेबात ती पावत्या येईपर्यंत मुकादमाच्या नावे येणे असते. म्हणून उचल व खर्च यांचे वेगळे प्रकार ठेवावेत आणि पावत्या आल्यावरच खर्च पाठवावा. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो व्यवसाय-खर्च १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४०अ(३) नुसार, अपवाद वगळता, अमान्य होत असे. त्यामुळे रोख नोंद पाठवताना पैसे घेणाऱ्याचे नाव व दिवस हे दोन रकाने सक्तीचे ठेवतात.